माइकची सुलट बाजू

"फोनवर? आईंचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा?" जावईबापूंनी असं विचारलं, की जणू बायकोनं सोनं तोलायला भाजीचा तराजू मागितला होता!

"मग कशावर करायचा?"

"अगं, फोन म्हणजे गाळणं आहे गाळणं! पंख्याचा आवाज नको म्हणून गाळतो आणि त्याच्याबरोबर माणसाचा श्वासही गाळून टाकतो. हाती काय लागतं? चोथा! मी असं रेकॉर्डिंग करीन, की डोळे मिटले तर वाटावं, आई कानाशी बसून गातायत. एक ग्रॅम कमी नाही, एक ग्रॅम जास्त नाही. बघच तू!"

ग्रॅमची भाषा जावईबापूंच्या तोंडात बसली होती, त्याला कारण होतं. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. पंधरा वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले होते, मापांवरचे शिक्के न्याहाळले होते. ते रस्त्यानं नुसते चालत गेले, तरी दोन्ही बाजूंचे दुकानदार पारड्यात चिमूटभर जास्त टाकायचे. खरं ते खरं, बाकी सगळं खोटं. मधलं काही त्यांना मान्यच नव्हतं.

पण या वेळचं काम वजनाचं नव्हतं. सासूबाईंच्या गळ्यात, नेमकी आवाजाच्या जागी, एक गाठ आली होती. सोमवारी सकाळी ऑपरेशन. "गाठ साधीच आहे, जिवाला काही धोका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण जागा नाजूक आहे. आवाज परत येईल, पण हाच येईल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही." आणि इकडे बायकोला सातवा महिना! तिला बाकी काही नको होतं. लहानपणी आई जी अंगाई म्हणायची ती, आईच्या याच आवाजात, तिला आपल्या बाळासाठी हवी होती.

ही अंगाई कुठल्या पुस्तकात सापडणारी नव्हती. सासूबाई शिवणकाम करायच्या. चाळीस वर्षं मशीनवर बसून त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते, आणि अंगाईही तिथंच बसून शिवली होती.

बटणं निजली काजांत, सुई निजली डबीत,
तूच कशी गं जागी अजून रजईच्या घडीत?

अशी तीन कडवी. संध्याकाळी सहा वाजता हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं, म्हणून रविवारी दुपारी दोनलाच जावईबापू सासरवाडीला येऊन थडकले. हातात एक पेटी, पेटीत माइक. तो त्यांनी रेडिओ केंद्रात काम करणाऱ्या मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणला होता. मित्र बिचारा समजावून सांगत होता, "अरे, हा हातात धरून बोलायचा माइक नव्हे. याची तऱ्हा न्यारी आहे. आधी नीट ऐकून घे, याला—"

"माहीत आहे रे! पंधरा वर्षं अचूक उपकरणं हाताळतोय मी!"

"बरं, हेडफोन तरी घेऊन जा."

"देवानं दोन कान दिलेत मला!"

माइक जाडजूड होता, वर जाळी, अर्ध्या लिटरच्या मापाएवढा. त्याच्या एका अंगाला बारीक सोनेरी ठिपका होता. तो दिसताच जावईबापूंचा चेहरा खुलला. शिक्का! खात्याचा नियमच आहे, मापाचा शिक्का तपासणाऱ्याला समोर दिसला पाहिजे. त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून माइक स्टँडवर चढवला आणि हाताला लागलेल्या सवयीनं ठिपका आपल्याकडे, म्हणजे दाराकडे, फिरवून घट्ट केला. समोर, पलीकडच्या भिंतीशी, खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाईंनी माइककडे जरा वेळ निरखून पाहिलं. "जावईबापू, याची सुलट बाजू कुठली हो?"

"आई, हे काय कापड आहे, सुलट-उलट असायला?" जावईबापू खो खो हसले. सासूबाई बिचाऱ्या ओशाळल्या.

मग चाचणी. जावईबापू दारातूनच माइकला म्हणाले, "एक, दोन, तीन." ते लावून ऐकलं, तर काय सांगावं! त्यांच्या घशातली खरखर, पुढच्या दातांतली फट, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "वा रे पठ्ठ्या! याला म्हणतात माप!" मग त्यांनी नुसत्या रिकाम्या शांततेचं रेकॉर्डिंग करून पाहिलं, आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. त्या शांततेत फ्रिज घुरघुरत होता. घड्याळ टकटकत होतं. मोरीतला नळ ठिबकत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं.

"हे असलं काही मला चालायचं नाही!" असं म्हणून जावईबापू कामाला लागले. फ्रिज बंद केला. घड्याळाची बॅटरी काढली. नळाला फडकं बांधलं. वरच्या बिऱ्हाडात जाऊन "तासभर जमिनीला पाय लावू नका," अशी हात जोडून विनंती केली, तेव्हा ते गृहस्थ बिचारे पलंगावर चढून बसले. पंखा बंद, खिडक्या बंद, खिडक्यांना गाद्या. दहा मिनिटांत खोलीची भट्टी झाली. एवढं झाल्यावर लक्षात आलं, की लॅपटॉपलाच आत पंखा आहे! मग लांब वायर सोडून लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला आणि जावईबापू स्वतःही तिथंच बसायचं ठरवते झाले.

"अहो, मी बसू ना इथं, आईजवळ?" बायकोनं विचारलं.

"नको. तू धापा टाकतेस."

"सातवा महिना आहे मला! धापा टाकू नको तर काय शीळ घालू?"

तिची रवानगी आतल्या खोलीत झाली. राहिले सासरे. सासऱ्यांचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला होता. गावातलं असं कुलूप नव्हतं, जे त्यांनी उघडलं नाही. तोंड मात्र त्यांचं सदा बंद. दिवसाकाठी चार-पाच शब्द, त्यातले दोन चहासाठी. त्यांना काम मिळालं, ते दाराचं. दार लावून घ्यायचं, दारावर रजई धरायची आणि दोन्ही हात वर करून निश्चल उभं राहायचं.

"बाबा, अजिबात हलायचं नाही हं. तुमचा गुडघा वाजतो."

"हं," सासरे म्हणाले.

"आणि हे मशीन बाहेर काढू या," जावईबापूंनी शिवणयंत्राला हात घातला.

"अहो, पण मी मशीनवर बसूनच..." सासूबाई म्हणाल्या.

"आई, मशीन म्हणजे आवाजातली भेसळ! मला शुद्ध माल पाहिजे."

आता भेसळ म्हटल्यावर कोण काय बोलणार? मशीन व्हरांड्यात गेलं. सासूबाई पासपोर्टच्या फोटोला बसावं तशा हाताची घडी घालून खुर्चीवर बसल्या. जावईबापूंनी स्वयंपाकघरातून आरोळी ठोकली, "हं, आई, करा सुरू!"

"बटणं निजली काजांत, सुई निजली..." आणि सासूबाई थांबल्या. "सुई निजली... अगं बाई, कुठं निजली?"

"डबीत!" आतल्या खोलीतून लेक ओरडली.

"मध्ये बोलू नका!" स्वयंपाकघरातून जावईबापू ओरडले. "पुसलं! परत!"

परत सुरू केलं, तर सासूबाईंचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला. "आई, पाय!" पाय थांबला, आणि पायाबरोबर गाणंही थांबलं. "पुसलं! परत!" तिसऱ्या खेपेला दुसरं कडवं आधी आलं. चौथ्या खेपेला सूर वर गेला, तो खाली यायचं नावच घेईना. सहाव्या खेपेला सासऱ्यांचा गुडघा वाजला. जावईबापू एकही खेप ऐकून बघत नव्हते. अर्धवट माल ठेवायचाच कशाला? खटाखट पुसून टाकत होते. अशा अकरा खेपा झाल्या, आणि दर खेपेला सासूबाईंचा आवाज जरा जरा झिजत चालला होता.

पावणेपाचला सासूबाईंनी पाणी मागितलं. जावईबापू पेला घेऊन आत गेले. सासूबाईंनी एक हात गळ्यावर ठेवला होता. त्या अगदी हळू, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, रागावू नका हं. माझा गळा पायात आहे हो."

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं आणि बायको बाहेर आली. "बास झालं तुमचं! आईचा आवाज साठवायला आलात की संपवायला? डॉक्टरीणबाईंनी गळा ताणू नका म्हणून सांगितलंय ना? ते मशीन आत आणा आधी! भेसळ तर भेसळ!"

जावईबापूंनी पेला खाली ठेवला. खरंच की! जो आवाज जपायला आलो, तोच आपण दुपारभर चमच्याचमच्यानं सांडत बसलो! त्यांना भयंकर लाज वाटली. ते व्हरांड्यात गेले आणि ते लोखंडी धूड एकट्यानं उचलून आत आणून ठेवलं. सासूबाई मशीनवर बसल्या. त्यांनी कापडाचा एक तुकडा सुईखाली सरकवला, पायडल दाबलं, खटखट सुरू झाली, आणि त्यांचे खांदे आपोआप खाली आले. गळ्यातून अंगाई अशी निघाली, जशी रिळातून दोऱ्याची सळसळ.

तिन्ही कडवी! एका दमात! स्वयंपाकघरात जावईबापू लॅपटॉपवरच्या हिरव्या दिव्यांकडे बघत होते. दिवे छान नाचत होते. बंद दाराआडून येणारं गाणं ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. जमलं! देवाची कृपा, जमलं!

सगळे बाहेरच्या खोलीत जमले. रजई धरून धरून सासऱ्यांचे हात अवघडले होते. ते खांदे चोळत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. जावईबापूंनी स्पीकर लावला. "डोळे मिटा सगळ्यांनी," ते ऐटीत म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. स्पीकरमधून पहिल्यांदा आला तो एक प्रचंड श्वास. लोहाराच्या भात्यासारखा. मग कडाड! असा आवाज होऊन सासऱ्यांचा गुडघा वाजला. आणि त्याच्या मागं, दूर कुठंतरी, दोन भिंतींपलीकडे असावी तशी, मशीनची मंद खटखट आणि अंगाई.

"हे काय?" जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. "आई कुठं गेल्या?" त्यांनी आवाज वाढवला. भाता वाढला! सासूबाई होत्या तिथंच, लांब.

आणि मग स्पीकरमधून कुजबुज आली. इतकी जवळून, की जावईबापूंनी दचकून मागं पाहिलं. सासऱ्यांचा आवाज होता.

"देवा, हिचा गळा नीट कर रे बाबा. आवाजच घ्यायचा असला तर माझा घे. तसाही पडूनच असतो."

जरा वेळ नुसता श्वास. मग पुन्हा, "चाळीस वर्षं ऐकतोय हिला. अजून पोट भरलं नाही."

सासूबाईंनी हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. सासरे छताकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लालबुंद!

"फ्रिज लावायचा राहिलाय," असं म्हणून सासरे उठले आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

जावईबापूंनी मित्राला फोन लावला. पलीकडून मित्र कपाळावर हात मारून घेत असणार, हे इकडं कळत होतं. "अरे शहाण्या, तेच तर सांगत होतो तुला! तो माइक एकाच अंगानं ऐकतो. ठिपका असतो ती त्याची समोरची बाजू. ती गाणाऱ्याकडे करायची! समोरचं तो जिवापाड टिपतो, पाठीमागचं त्याला लांबून आल्यासारखं वाटतं. ठिपका कुणाकडे होता?"

"दाराकडे," जावईबापू क्षीण आवाजात म्हणाले.

फोन ठेवून ते सासूबाईंसमोर जमिनीवरच बसले. पंधरा वर्षांत कुठल्या दुकानदारानं त्यांच्यापुढं इतकी मान खाली घातली नसेल. "आई, चुकलं माझं. तुम्ही विचारलं होतंत मला, सुलट बाजू कुठली म्हणून. आणि मी हसलो तुम्हाला."

"असू दे हो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गळ्यात अडकवलेल्या मापाच्या टेपच्या टोकानं डोळे पुसले. जावईबापूंनी घाईघाईनं माइक फिरवला. सासूबाई पुन्हा मशीनवर बसल्या, पायडल दाबलं, पण नवऱ्याच्या त्या दोन वाक्यांनी गळा असा दाटून आला होता, की सूरच उमटेना. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. साडेपाच!

संपलं सगळं. जावईबापू खाली मान घालून वायर गुंडाळायला लागले.

"परत लावा ते," बायको म्हणाली. ती अजून स्पीकरजवळच बसली होती.

"राहू दे गं. फुकट गेलं ते."

"लावा म्हणते ना!"

त्यांनी लावलं. भाता, गुडघा, आणि मागं दूरवर अंगाई. बायकोनं डोळे मिटले. तिचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती.

"अहो, लहानपणी मी आतल्या खोलीत झोपायचे. आई इथं बाहेर मशीनवर. मध्ये दार लोटलेलं. कपडे द्यायची घाई असायची तिला. माझ्याजवळ येऊन कुठली गाते! अंगाई मला कधी कानाशी ऐकू आलीच नाही. अशी यायची, लांबून. मशीनसकट. अहो, अगदी अश्शीच!"

जावईबापूंनी हातातली वायर खाली ठेवली. दुपारभर ते सासूबाईंना कानाशी आणून बसवायला धडपडत होते, आणि लेकीचे कान आतल्या खोलीत होते, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

"मग ते बाबांचं बोलणं तेवढं कापून टाकू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हात तर लावून बघा!" बायको म्हणाली.

खाली टॅक्सीनं पुन्हा हॉर्न दिला.

ऑपरेशन नीट झालं. अगदी नीट! जावईबापूंना कुणाकुणाचे आभार मानू असं होऊन गेलं. डॉक्टरीणबाईंचे मानले, नर्सचे मानले, फरशी पुसणाऱ्या मावशींचे मानले. टॅक्सीवाल्याला तर कडकडून मिठी मारली. तो घाबरून दोन पावलं मागं सरकला. आवाज कसा येईल, ते मात्र कळायला वेळ होता. पंधरा दिवस सासूबाईंनी एक शब्दही बोलायचा नव्हता. पाटी आणून दिली, तर ती त्यांनी बाजूला ठेवली आणि काळ्या कापडाच्या तुकड्यांवर शिंप्याच्या खडूनं लिहायला लागल्या. "दूध उतू चाललंय." "तो लांब बाह्यांचा सदरा आज द्यायचाय." गिऱ्हाइकं आली, की बोलायची पाळी सासऱ्यांवर यायची आणि त्यांना दरदरून घाम फुटायचा. सासूबाई दाराआडून बघून आवाज न करता हसायच्या.

एक तुकडा जावईबापूंच्याही वाट्याला आला. त्यावर लिहिलं होतं, "जावईबापू, बरं झालं चुकलात. फार उपकार झाले." तो तुकडा त्यांनी घडी करून पाकिटात ठेवला. खडू पुसला जाईल म्हणून ते पाकीट आता हळूच उघडतात.

सोळाव्या दिवशी सकाळी परवानगी मिळाली: एकच वाक्य, तेही हळू. सगळे जमले. जावईबापूंनी मित्राच्या पाया पडून माइक पुन्हा आणला होता. ठिपका सासूबाईंकडे! त्यांनी तो तीनदा बघितला, बायकोकडून बघून घेतला, मग खुद्द सासूबाईंना विचारलं, "आई, सुलट आहे ना?" सासूबाईंनी मान डोलावली. फ्रिज घुरघुरत होता, घड्याळ टकटकत होतं. या वेळी कुणी काही बंद केलं नाही.

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. सगळ्यांनी श्वास रोखला. आवाज येईल का? कसला येईल? बायकोनं नवऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं, की त्यावर वळ उठले.

सासूबाईंनी माइककडे पाहिलंच नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ते परत म्हणा ना."

आवाज आला! जरा जाड, जरा नवा, धुवायच्या आधीच्या कापडासारखा कडक. पण आला, आणि त्यांचाच आला! लेक रडायलाच लागली. सासऱ्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. दारात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते.

"अगं... ते रेकॉर्ड केलंय ना यांनी," सासरे पुटपुटले. "लावा हो, जावईबापू."

सासूबाईंनी मान हलवली. नाही! मग सासरे उठले. चार पावलं चालून बायकोजवळ आले, वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. त्याबरोबर सासूबाईंनी हात पुढं करून माइकची जाळी तळव्यानं झाकून टाकली.

ते रेकॉर्डिंग घरात अजून आहे. त्यात सासूबाईंचं एक वाक्य आहे, सासऱ्यांचं पुटपुटणं आहे, मग नुसती हाताची खसफस, आणि मग सासूबाईंचं हसू, अगदी स्वच्छ, काठोकाठ. मधल्या खसफशीत काय बोलणं झालं, ते ऐकू येत नाही. आवाज खूप वाढवला तर कदाचित येईल. पण दुसऱ्याचं खासगी बोलणं असं चोरून ऐकू नये, असं जावईबापूंचं ठाम मत आहे.

हे मत त्यांचं, आवाज वाढवताना बायकोनं पाठीत धपाटा घातला, त्या दिवसापासूनचं आहे.